अर्ध्या वर्गणीची बोली

फंड बुडवला तो आमच्या अण्णांनी, माझ्या सख्ख्या मोठ्या चुलत्यानं. उगीच सरकारचं नाव घेऊ नका.

जालन्याच्या मोंढ्यात आम्हा अडत्यांचा आजारपणाचा फंड होता. घरटी वर्गणी भरायची, डॉक्टर आणि औषध फंडाचं. माझ्या आईची क्षयाची इंजेक्शनं त्यातूनच चालू होती. मग सरकारनं जाहीर केलं, अशा फंडाची अर्धी वर्गणी आम्ही भरू. मला वाटलं, आता सगळा मोंढा फंडात येईल. अण्णांनी सगळ्यांना गोळा केलं.

"पहिल्याच बोलीला कापूस कोण देतं? वर्गणी रोखा. थांबलो तर सरकार बराबर बोली वाढवतं."

"अण्णा, हे सरकार हाय, गिऱ्हाईक न्हाई!" मी मधेच बोललो.

"सरकार म्हंजी सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. तुला मिसरूड तरी फुटू दे, मंग मला भाव शिकव."

सगळे हसले. माझे वडीलही हसले.

मी म्हणालो, "निदान आईसाठी आपली तरी भरू."

"बिलकुल न्हाई. एकानं भरली की भाव फुटला. आपण नडलोत हे दिसू द्यायचं नसतं."

वडिलांनी आमची वर्गणी थांबवली. मोठ्या भावापुढं बोलायची आमच्यात पद्धत नाही.

जुन्या सभासदांनीही वर्गणी थांबवली. भरणाराच नाही, तर सरकार अर्धं कुणाचं देणार? फंड बंद पडला, डॉक्टर गेला, इंजेक्शनं थांबली.

दिवाळीच्या आधी आई गेली.