ताई, आधी बसून घ्या

...नाही, तुम्हीच सांगा, माझ्या आवाजात तुम्हाला कुठून ताई ऐकू येते? मी फोनवर 'हॅलो' म्हटलं की समोरच्या दुकानाच्या पायरीवरचं कुत्रं दचकून उठतं, असा आवाज आहे माझा! तरी लॅबचा फोन वाजणार, आणि आरोग्य खात्यातल्या बाई मधात बुडवलेल्या आवाजात म्हणणार, 'ताई, आधी बसून घ्या. जवळ आपलं माणूस आहे ना?' अहो, मी ताई नव्हे!

आता हे झालं कसं, तर तुम्हाला सांगतो. बायकांच्या गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची तपासणी असते ना, ती आमच्या लॅबमध्ये होते. सिस्टर शिबिरात नमुने घेतात, बाटलीवर नुसता नंबर, आमचे डॉक्टर काचेवर पेशी बघतात आणि निकाल मी खात्याला कळवतो. नंबर अमुक, ठीक. नंबर तमुक, ठीक. नंबर ढमुक, पेशींत बदल. नावं-पत्ते खात्याकडे, आमच्याकडे फक्त आकडे. मग त्या ढमुक नंबरच्या बाईला खात्यातून फोन जातो... म्हणजे जायला हवा! पण बायका घरचा नंबर देतील तर शपथ. 'फोन ह्यांच्याकडे असतो', 'फोन सासूबाई उचलतात', 'कशाला उगाच बोभाटा!' मग सिस्टरनी शक्कल लढवली. 'लिहा लॅबचा नंबर! तिथले भाऊ मला निरोप देतील, मी येऊन तुमच्या कानात सांगेन.' भाऊ म्हणजे कोण? अस्मादिक!

बरं, त्या मधाळबाईंना मध्ये थांबता येत नाही. मी म्हणतो, 'बाई, मी ताई नव्हे, नाव सांगा आणि मोकळ्या व्हा.' तर म्हणतात, 'माहितीय हो भाऊ, पण कागदावरचं सगळं वाचल्याशिवाय आमच्याकडे फोन झाला असं धरत नाहीत.' आणि पुन्हा सुरू! 'ताई, घाबरू नका. हा कॅन्सर आहे असं नाही. पुढे त्रास देतील अशा पेशी वेळेवर सापडल्यात. दुर्बिणीतून नीट बघू, लागलं तर तेवढा भाग काढून टाकू. थोडं पाणी प्या.' मी पितो पाणी! काय करणार? इतक्या प्रेमानं मला आयुष्यात कोणी पाणी प्यायला सांगितलेलं नाही.

तर मध्यंतरी असाच फोन. 'ताई, बसून घ्या.' मी म्हटलं, मी ताई नव्हे, पुढे चला. त्यांनी नाव वाचलं. मला वाटलं, कुठंतरी ऐकलंय हे... मग पत्ता वाचला. दुसरा मजला, जिन्याला लागून. अहो, तिथं तर आम्ही राहतो!

बाई थांबल्या. 'भाऊ? ऐकताय ना?' म्हटलं, 'बाई, जरा पुन्हा वाचा. पहिल्यापासून.' वाचलं हो त्यांनी, एक अक्षर न गाळता. 'बसून घ्या' म्हणाल्या तेव्हा खरंच बसलो. आणि तो निकाल पाठवला होता कोणी? मीच! चहाचा घोट घेत घेत, नंबर ढमुक, पेशींत बदल... आमच्या हिच्या पेशी होत्या त्या!

तडक घरी गेलो. वाटेत घोकत होतो, तसं सगळं तोंडपाठच. ही कपड्यांच्या घड्या घालत होती. तोंड उघडलं आणि काय बाहेर पडलं असेल? 'ताई, आधी बसून घ्या...' बायकोला! 'हा कॅन्सर आहे असं नाही' एवढं कसंबसं म्हटलं आणि मला रडूच फुटलं. तिला कळलं. हातातली घडी तिनं मोडली, परत घातली, परत मोडली. मग उठली आणि पाणी घेऊन आली... मला! 'अहो, घाबरू नका. वेळेवर सापडलंय ना? मग?' मी म्हटलं, 'अगं, पण लॅबचा नंबर का दिलास? नवऱ्याचा द्यायचा की!' म्हणाली, 'माझा फोन तुम्ही कधी उचलता? लॅबचा पहिल्या घंटीला उचलता.' बोला आता!

मग दुर्बीण झाली, तेवढा भाग काढला, कॅन्सर नव्हता. नव्हता हो! आता मधूनमधून तपासायचं, बस. निकाल येईपर्यंत मी तिचा हात असा धरून ठेवला होता की शेवटी म्हणाली, 'आता दुसरा धरा, ह्याला मुंग्या आल्या.'

आणि काल पुन्हा मधाळबाई. 'ताई, आता कसं वाटतंय?' म्हणणार होतो, मी ताई नव्हे... पण तोंडातून गेलं, 'झोप लागत नाही हो. अन्न गोड लागत नाही. फोन वाजला की छातीत धस्स होतं.'

'अगं बाई! आणि वहिनींना?'

'तिला काय धाड भरलीय? ती मजेत बहिणीकडे राहायला गेलीय. आणि जाताना शेजारच्या काकूंना बजावून गेलीय... ह्यांच्याकडे जरा लक्ष असू द्या, नुकतेच मोठ्या दुखण्यातून उठलेत.'