धाकूची उघाडी

आखातात, अल मनखूलच्या दवाखान्यात आम्ही नंबरची वाट बघत होतो. शेजारी एक आई लेकीचा इतिहासाचा अभ्यास घेत होती. समोर बांधकामाच्या साइटच्या निळ्या कपड्यातले एक काका बसले होते.

"दिया, अमेरिकेत गुलामांना सगळीकडे एकच काम होतं का?"

"नो, मम्मा. नॉर्थमध्ये घरात, बंदरावर. व्हर्जिनियात टोबॅको. कॅरोलिनात राइस. बुकमध्ये आहे, भरतीच्या पाण्यावर. पण भरतीच्या पाण्यावर राइस? इम्पॉसिबल!"

"का गं पोरी? आमच्या पेणकडे खाडीलाच भात आहे."

"सॉल्टी होत नाही, काका?"

"बांधाला लाकडी दार असतं, उघाडी म्हणतो आम्ही. ओहोटीला पावसाचं पाणी बाहेर सोडतं, भरतीला खारं अडवतं."

"बट इथे लिहिलंय, दे टुक वॉटर इन! भरतीने नदी फुगली की गोडं पाणी आत."

"आमच्या उलट? वा रे पठ्ठे! मालकांना सुचलं हे?"

"सर म्हणतात, आफ्रिकेतून आलेल्यांना राइस पिकवणं आधीच यायचं."

"वाटलंच मला! चिखलात उतरल्याशिवाय उघाडी जमत नाही. नावं काय त्यांची?"

"बुकमध्ये फक्त मालकांची आहेत."

"हॅट्! आमच्यात बांधणाऱ्याचं नाव लागतं. माझा आजा धाकू, त्याने बांधलेली अजून धाकूची उघाडीच आहे. जमीन खोताची होती."

"टोकन बेचाळीस! महादू!"

"काका, तुमचा नंबर."

"थांबा हो सिस्टर, एक मिनिट. पोरी, लिहून घे. जमीन मालकाची, उघाडी बांधणाऱ्यांची."

"लिहिलं, काका. अंडरलाइन पण केलं."