‘पाणवठ्या’चे चोपन्न गुण

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, म्हणजेच आमच्या स्टुडिओचे संचालक महोदय, व्यासपीठावर बसलेले वितरण कंपनीचे सन्माननीय पाहुणे, व्यासपीठावरची खुर्ची नाकारून पहिल्या रांगेत लेकीशेजारी जाऊन बसलेल्या आपल्या सत्कारमूर्ती, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या मावशी, आणि सकाळपासून टेबलं भिंतीकडे सरकवून या जेवणाच्या खोलीचं सभागृह करणारे माझे सर्व सहकारी, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्यासमोर पाच मिनिटं लिहिली आहेत. मी प्रोग्रामर माणूस. मला बोलता येत नाही, हे इथे कुणाला नवीन नाही. गेल्या समारंभात माइक हातात घेतला आणि ‘चालू आहे का, चालू आहे का’ एवढंच विचारून खाली बसलो होतो. आज कागद लिहून आणलाय. तो इथे समोर ठेवतो.

पाहुण्यांसाठी थोडी माहिती. मावशी आमच्याकडे आल्या तेव्हा एक्कावन्न वर्षांच्या होत्या. त्याआधी बावीस वर्षं त्यांनी वैद्यकीय पुस्तकांसाठी हाडं, स्नायू आणि शिरा काढल्या. मुलाखतीच्या दिवशी दारात उभ्या राहिल्या तेव्हा आमच्यातला एक जण कुजबुजला होता की, बाईंना शेजारच्या दाताच्या दवाखान्यात जायचं असणार, दार चुकलंय. तो एक जण मीच. आपण हसलात, बरं वाटलं. पुढे हसण्यासारखं फार नाही.

आमचा गेम ‘पाणवठा’. खेळणाऱ्याने रानात हिंडायचं, कधी न पाहिलेले प्राणी जमवायचे, त्यांना वाढवायचं आणि त्यांना सोबत घेऊन पुढची वाट काढायची. असे एकशे बारा प्राणी मावशींनी चार वर्षांत काढले. प्राणी काल्पनिक, पण आधी सांगाडा, मग कातडी. सहा पायांचा आमचा डुलक्या त्यांनी अकरा वेळा पुसला, कारण मधले दोन पाय कुठल्या हाडाला जोडायचे ते त्यांना सुचत नव्हतं. मी म्हणायचो, मावशी, कोण बघणार आहे? त्या म्हणायच्या, कुणी बघणार नाही, पण तो लंगडेल ना.

मूळ खेळात प्राणी मिळवायचा तर पाण्याकाठी गप्प बसून राहायचं होतं. हातातलं सगळं खाली ठेवायचं. त्याला वाटलं तर तो येईल. ही कल्पनाही मावशींचीच. मग गेम बाहेर यायला तीन महिने उरलेले असताना पाहुण्यांकडून सूचना आली की, जरा वेग हवा. सूचना एवढीच होती, पाहुणे साक्षीला बसलेले आहेत. बाकीचं सगळं मी केलं. पाण्याकाठचं बसणं काढून टाकलं आणि त्याजागी मारामारी घातली. प्राण्याला अर्धमेला होईपर्यंत बडवायचं आणि मग पिशवीत टाकायचं.

मावशी माझ्या टेबलापाशी आल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, “अरे, मारून आणलेला प्राणी सोबती कसा होईल? तो घाबरून मागून चालेल, एवढंच.”

मी स्क्रीनवरून नजर न काढता म्हणालो, “मावशी, तुम्ही चित्रांचं बघा.”

त्यांनी बघितलं. त्यांचं काम संपलं, माझं संपेना. मारामारी घाईत लिहिली होती, त्यामुळे एक मोठी गफलत राहिली. दहा-बारा तास खेळल्यावर पिशवीतले प्राणी आपोआप नाहीसे व्हायचे. लोकांनी दिवसेंदिवस जपलेले प्राणी एका क्षणात गायब.

गेम बाहेर आला. तेवीस ठिकाणी परीक्षणं आली, शंभरात सरासरी चोपन्न गुण. याच खोलीत आपण ती मोठ्याने वाचली होती, आठवतं? जवळजवळ प्रत्येकाने चित्रांना डोक्यावर घेतलं होतं आणि मारामारीला झोडपलं होतं. एका बाईंनी लिहिलं होतं, ‘हे प्राणी बघितले की त्यांच्याजवळ नुसतं बसावंसं वाटतं, हा गेम त्यांना मारायला लावतो.’ मावशींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी सांगितलं होतं, असं त्या एका शब्दाने म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

आता मूळ मुद्दा. अध्यक्ष महोदय, मला अजून थोडा वेळ लागेल.

सगळ्यात जास्त वाचल्या जाणाऱ्या समीक्षकाने परीक्षण छापण्याआधी स्टुडिओला पत्र पाठवलं होतं. प्राणी नाहीसे होतात, याबद्दल आपलं काही म्हणणं आहे का? संचालक परगावी होते, पत्र माझ्याकडे आलं. मी चार ओळींचं उत्तर लिहिलं. लिहिलं की, आमच्या चित्रकार या क्षेत्रातल्या नव्हत्या, त्यांची चित्रं फार उशिरा आली, त्यामुळे तपासणीला वेळ उरला नाही.

हे खोटं होतं.

पुन्हा सांगतो, कारण मागे कुजबुज चालू आहे. हे खोटं होतं, आणि लिहिताना मला माहीत होतं.

समीक्षकाने ते ‘स्टुडिओच्या म्हणण्यानुसार’ म्हणून शेवटच्या परिच्छेदात छापलं. मग बाकीच्यांनी तिथून उचललं. इंटरनेटवर लोकांनी मावशींना नाव ठेवलं, ‘हाडवाल्या आजी’. ज्यांनी कधी पेन्सिल धरली नाही त्यांनी त्यांच्या वयावर पानंच्या पानं लिहिली. संचालकांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, हे खरं आहे का? मी गप्प राहिलो. त्यांनी माझ्या गप्प राहण्याचा अर्थ लावला, आणि मी तो लावू दिला. दोन महिन्यांनी निमंत्रणपत्रिका छापली गेली. ‘मावशी स्वेच्छेने निवृत्त होत आहेत.’ कुठली स्वेच्छा, महोदय? आपल्याला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे.

नाही, कृपा करून माइक बंद करू नका. मला बसायला सांगू नका. आज बसलो तर पुन्हा उठणं माझ्याच्याने होणार नाही, मी स्वतःला ओळखतो.

गेल्या सोमवारी मावशी आपला खण रिकामा करत होत्या. मी पाणी प्यायला उठलो तर मला थांबवून म्हणाल्या, “त्या लोकांनी तुला फार लागेल असं लिहिलं रे. एवढं मनावर घेऊ नकोस. तुझं काम वाईट नव्हतं.” मला समजावत होत्या. मला! मी हो हो म्हणून जिन्यात गेलो आणि तिथेच पायरीवर बसलो. तरी काही बोललो नाही. आपण विचाराल, तेव्हा का नाही? नोकरीची भीती, लाज, काय म्हणाल ते.

मग परवा मावशींची लेक त्यांचं उरलेलं सामान न्यायला आली. जाता जाता तिने मला बाजूला घेऊन विचारलं, “दादा, एक खरं सांगाल? आईची चित्रं खरंच उशिरा आली होती का?” मी विचारलं, का गं? तेव्हा तिने सांगितलं की, आई हल्ली रोज जुन्या वह्या काढून बसते. तिला पक्कं वाटतं की तिने सगळं वेळेत दिलं होतं. पण छापून आलंय, सगळे म्हणतात, म्हणजे आपलंच डोकं फिरलं असणार, असं म्हणते. आजीचं शेवटी तसंच झालं होतं, माणसं ओळखेनाशी झाली होती. म्हणून घाबरून आई स्मरणशक्ती तपासायला डॉक्टरांकडे जाऊन आली. पेन्सिलींचा डबा शेजारच्यांना देऊन टाकला. गॅस बंद केलाय का हे बघायला दहादा उठते.

मी त्या मुलीलाही टाळलं. म्हणालो, बघून सांगतो. ताई, माफ कर. बघण्यासारखं काहीच नव्हतं.

मित्रहो, गुण गेले, नाव गेलं, गेम बुडाला, हे आपण सोसलं असतं. पण एका शहाण्या बाईचा स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास मी चार ओळींत काढून घेतला. तो परत कसा देतात? कुणाला माहीत असेल तर सांगा, मी हात जोडून विचारतोय.

मला जमलं ते एवढंच. काल मी त्या समीक्षकाला पत्र लिहून सगळं कळवलं. आज सकाळी त्यांचं उत्तर आलं. तो परिच्छेद ते काढत आहेत आणि माझा कबुलीजबाब त्याजागी छापत आहेत. गुण वाढवणार नाहीत. वाढवूही नयेत, ते गुण माझे आहेत. संचालक महोदय, माझा राजीनामा तुमच्या टेबलावर ठेवला आहे. तो घ्या किंवा फाडा, पण मावशींना आज या दारातून निरोप देऊ नका. त्यांनी राहायचं की नाही हे त्यांना ठरवू द्या, आणि या वेळी खरोखर स्वेच्छेने.

एक क्षण. मावशी काही विचारताहेत. जरा शांत व्हा, त्यांचा आवाज पोचत नाहीये.

मावशी विचारताहेत, “शेवटचं चित्र मी कधी दिलं होतं?”

मंगळवारी, मावशी. सकाळी साडेदहाला. गेम बाहेर यायला पुरते चाळीस दिवस होते. पिसांच्या शेपटीचं पिल्लू होतं. तुम्ही स्वतः माझ्या टेबलावर आणून ठेवलंत आणि म्हणालात, हे शेवटचं, आता मी मोकळी.

हो. तुम्हाला आठवतं अगदी तसंच. तुम्ही काहीही विसरलेल्या नाही.

ताई, त्यांना पाणी दे.

मी संपवतो. पाचाची पंधरा मिनिटं झाली, तरी आपण ऐकून घेतलंत, अध्यक्ष महोदयांनी मला थांबवलं नाही, सगळ्यांचा आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. जे केलं ते मात्र सांभाळून घेऊ नका.

नमस्कार.