चिठ्ठी काढणारी मुलगी

— नाही, हलू नका साहेब, माप चुकेल. हात जरा वर. हं, असेच. काय म्हणालात, आपल्या जुन्या मतदारसंघाचा इतिहास लिहिताय? त्यात लिहिण्यासारखं काय आहे हो? होता, आता नाही. पुनर्रचनेत तीन तुकडे झाले आणि शेजारच्या तिघांना जोडून टाकले. माणसं तीच, रस्ते तेच — फक्त गटार तुंबलं की कुठल्या खासदाराच्या नावानं बोटं मोडायची, ते कळत नाही.

शेवटची निवडणूक? — श्वास सोडा, छाती फुगवू नका — वकील आणि कारखानदार, दोघांना सारखीच मतं पडली. मग कायद्याप्रमाणे चिठ्ठ्या टाकल्या. एका लहान मुलीचे डोळे बांधले आणि तिला एक चिठ्ठी काढायला लावली. निघाला वकील. कारखानदारांनी फार मनाला लावून घेतलं, वर्षाच्या आत गेले बिचारे. त्यांचा मुलगा अजून म्हणतो म्हणे — पट्टी सैल होती, पोरीला दिसत होतं, सापडू दे एकदा ती. सैल कुठली! दुहेरी काळं कापड, कडेला टीप, मी स्वतः — म्हणजे ऐकलंय मी. शिंप्यांत बोललं जातं ना.

ती मुलगी? छे, कुणाला ठाऊक. लग्न होऊन गेली असेल लांब. वाचताही येत नव्हतं हो तिला. घरी आली ती माझ्या मांडीवर रडत बसली, मी काय चुकीचं उचललं का म्हणून — माझ्या म्हणजे, तिच्या बापाच्या. लोक सांगतात.

आत? पडद्यामागे मशीनवर कामाची बाई आहे. ‘बाबा’ म्हणाली? ती सगळ्यांनाच बाबा म्हणते.

आता पाठ करा इकडे. सरळ उभे राहा. सरळच आहात? मग हा डावा खांदा... चांगला दोन बोटं उतरलाय. वडिलांचाही असाच होता?

असा खांदा मी एकाचाच शिवलाय. त्या निवडणुकीतल्या सभेचा कोट होता त्यांचा. आतून कापूस भरून वर आणला होता, कुणाला कळलं नाही.

साहेब, नाव काय म्हणालात आपलं?... राहू द्या. नका सांगू.

मला नाही जमायचा हा कोट. — बाळ, मशीन थांबव! मागच्या दारानं मावशीकडे जा. आत्ता. असू दे ते कापड तसंच — अगं, ऐकतेस ना?

साहेब, पडद्याला हात नका लावू. दुकान बंद झालं. निघा तुम्ही.

तिला खरंच काही दिसत नव्हतं हो.