पारोसं दूध

"सर, आंघोळ न केलेल्याला पारोसं का म्हणतात हो?"

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून सुलक्षणाने मुलुंडच्या दूधकेंद्राच्या रांगेत विचारलंच. घरी आंघोळीआधी चहा मिळत नाही, हे तिचं रोजचं दुखणं.

"मूळ शब्द पर्युषित. रात्रभर राहिलेलं, शिळं," संस्कृतचे सर म्हणाले.

"म्हणजे ही अख्खी रांग शिळी?"

"माझ्यासकट."

"आणि ह्या दूध कधीचा?" मागून मालनमावशीने विचारलं.

"कालचं," सर म्हणाले.

"म्हणजे दूधय पारोसा! आणि मी रोज देवाक तेचोच निवेद दाखयतंय!"

"देवाने कधी तक्रार केली?"

"नाय बा."

घरी पिशवी ठेवते तोच आई कडाडली, "पारोशी ओट्याला शिवू नकोस!"

"आई, बाबा, ऐका. उद्यापासून माझा चहा आंघोळीआधी. दूध आंघोळ करून यायला लागलं, की मीपण करीन."