सगुणेच्या पुस्तकाचं कापड

(कळमनुरी, सन १९४३. हिवाळ्यातली दुपार, बाजाराचा दिवस. उत्तमरावांच्या ओसरीवरचं वाचनालय, म्हणजे एक कपाट आणि एक सतरंजी.)

भिकाबाई : न्हाई अण्णा, बसत न्हाई. पुस्तकाला बांधलेलं माझं कापड तेवढं सोडून द्या. पुस्तक तुमचं, कापड माझं.

उत्तमराव : आगं, आज शेवटला अध्याय हाय! ही चौथी बारी, चार महिने झाले, मोळी इकली की तू हितं येऊन बसतीस. आन् आज समाप्तीच्या दिशी कापड मागून राहिलीस? गिऱ्हाईक भेटलं न्हाई का मोळीला?

भिकाबाई : मोळी कवाच गेली. कापड द्या.

उत्तमराव : काहून पर?

भिकाबाई : वसरामनं वाचून दाखवलं मला.

उत्तमराव : वसराम म्हंजे तुझा भाचा? हिंगोलीच्या कापसाच्या जिनात कारकून हाय तो?

भिकाबाई : त्योच. आमच्या तांड्यात वाचणारा येवढा एकच. आत्याचं पुस्तक ज्यानं लिहिलं त्यानं काई नवं लिहिलंय म्हणून हौसेनं मासिक घेऊन आला. चार बायांना बोलवलं, मला मधी बसवलं, आन् वाचाया लागला. दोन वळी वाचल्या आन् गप झाला. म्या म्हटलं, वाच की लेकरा, घसा बसला का?

उत्तमराव : त्यो तांड्यांवरचा लेख व्हय.

भिकाबाई : म्हंजे तुमाला ठावं हाय.

उत्तमराव : वाचलंय मी ते.

भिकाबाई : कवा?

उत्तमराव : दिवाळीच्या आधी.

भिकाबाई : मंग मी सांगते, बराबर हाय का बघा. तुमीच म्हणता ना, भिकाबाईला एकदा ऐकलं की पाठ व्हतं. "तांड्यात मूल जन्मले की त्याच्या अंगठ्याचा ठसा चावडीत घ्यावा. चोरी ही त्यांच्या रक्तात असते, ते मोठे होण्याची वाट पाहू नये." आसंच हाय ना?

उत्तमराव : आसंच हाय.

भिकाबाई : माझ्या सुनेला सातवा महिना लागलाय, अण्णा. ती तिथंच बसली व्हती. पोटावर हात ठेवून.

उत्तमराव : शरमेची गोष्ट हाय. म्या तुला सांगितलं न्हाई, कारण सांगून तुला तकलीफच झाली असती. त्या माणसाचं डोकं फिरलंय. पर भिकाबाई, पुस्तकाचा काय कसूर? ते वीस वर्सांखाली लिहिलेलं. मी शाळेत सारं उर्दूत शिकलो. हिसाब उर्दूत, भूगोल उर्दूत. आपल्या बोलीत वाचून माणूस रडू शकतो हे मला ह्याच पुस्तकानं दाखवलं. आता ते मी चुलीत घालू का?

भिकाबाई : मी कुठं म्हटलं चुलीत घाला? मी कापड मागून राहिले.

उत्तमराव : कापड काढलं म्हंजे काय राहिलं मंग? येणारे-जाणारे लोक इचारतेत मला, ही आरसेवाली पोथी कोणती म्हणून. मी अभिमानानं सांगतो.

भिकाबाई : त्यो चंदाचा फेटिया हाय, माझ्या लेकीचा घागरा.

उत्तमराव : ठावं हाय मला.

भिकाबाई : माझी चंदा पटकीच्या सालात गेली. नवव्या वर्सी. सारे म्हणाले घागरा जाळ, रोग ऱ्हातो कपड्यात. म्या जाळला न्हाई. राखेच्या पाण्यात सात येळा धुतला आन् गाठोड्यात तळाशी ठेवला. पोरगी गेली तवा रडले न्हाई मी. तांडा उठला, दुसऱ्या माळावर गेलो, रडाया येळच नव्हता. मंग तुमी ते वाचलं, पुस्तकातली सगुणा गेलेल्या लेकीची फणी पदराला बांधून गावोगाव हिंडती ते. हितंच, ह्या पायरीवर बसले व्हते मी. घरी जाईपातूर रडत गेले. दुसऱ्या बाजारी तुमाला फेटिया आणून दिला ना?

उत्तमराव : व्हय. आरसे तू नवे लावले व्हते. कवड्या लावल्या व्हत्या. मंग सांग, ते रडू त्यानंच दिलं ना तुला?

भिकाबाई : रडू माझंच व्हतं. त्यानं वाट करून दिली. तेवढं मी नाकारत न्हाई.

उत्तमराव : हेच म्हणतो मी! लिहिणारा वायला, लिहिलेलं वायलं. गवंड्यानं देऊळ बांधलं, त्यो दारू पेतो म्हणून देवाला कोणी हात जोडायचं सोडतं का?

भिकाबाई : त्या गवंड्यानं देवळाच्या पायरीवर माझ्या नातवाला चोर लिहून ठेवलं, तर जोडीन का हात?

उत्तमराव : पुस्तकात न्हाई ना लिहिलं. मासिकात लिहिलं.

भिकाबाई : त्याचाच तर इचार करून राहिले मी चार दिस. पुस्तकात तर उलटं हाय. सगुणा दोन दिसाची उपाशी, माळावर येती, आन् तांड्यातली म्हातारी तिला हाक मारती. "ये याडी, ये माय, बस," म्हणती. जवारीचा गरम घाटा वाढती, वरून दूध वतती. हाय ना?

उत्तमराव : ...हं.

भिकाबाई : घाट्यावर दूध वततेत हे त्याला कसं ठावं? त्यो आमच्यात जेवल्याशिवाय कसं लिहील? मंग जेवलेला माणूस आसं काहून लिहील? एक तर तवा खोटा व्हता, न्हाईतर आता खोटा हाय. हे मला सांगा. तुमी शिकलेले.

उत्तमराव : ते... थांब, कपाटातून पुस्तक काढतो आधी. आगं ए! किल्ली आण की कपाटाची! ऐकू आलं का?

पार्वतीबाई : आले, आले. हातात चहा हाय, किल्ली काय दातात धरू? घे भिकाबाई. गुळाचा हाय, लढाईपायी साखर भेटंना. बस की, उभी काहून?

भिकाबाई : न्हाई वैनी, जायचं हाय.

पार्वतीबाई : उन्हात चार कोस चालून आलीस आन् उभ्यानं जातीस? आन् आवं, ही घ्या तुमची किल्ली. मी म्हंते, ज्या दिशी वाचायचं त्याच दिशी कुलूप काहून लावता? बाकी सारे दिवस कपाट सताड उघडं. पोरं येतेत, पुस्तकं नेतेत, आणतेत, कोणी इचारत न्हाई. बाजाराचा दिवस आला की ह्यांचं कुलूप निघालं. आधी लावायचं, मंग मला हाका मारत उघडायचं!

उत्तमराव : तू जा बरं आत.

पार्वतीबाई : जाते की. खरं बोललं की आत जा.

भिकाबाई : थांबा वैनी. बाकीच्या दिशी कुलूप नसतं?

पार्वतीबाई : न्हाई बाई. का गं?

भिकाबाई : मला अण्णा म्हणाले, सरकारची माणसं पुस्तकं तपासाया येतेत, म्हणून कुलूप.

पार्वतीबाई : सरकारची माणसं? बाजाराच्याच दिशी?

भिकाबाई : अण्णा, मी हितं येते म्हणून कुलूप लावता का तुमी?

उत्तमराव : बस, भिकाबाई. खाली बस, सांगतो. दोन वर्सांखाली मी त्या ग्रंथकर्त्याला पत्र लिहिलं व्हतं. आनंदात लिहिलं. म्हटलं, महाराज, आमच्या मुलखात एका तांड्यातल्या आईनं तुमच्या ग्रंथाला आपल्या मेलेल्या लेकीच्या घागऱ्याचं बासन शिवलंय. मला वाटलं, ह्यापेक्षा मोठा मान लेखकाला कोणता भेटणार.

भिकाबाई : मंग?

उत्तमराव : जवाब आला. एक कारड. आभार मानले. आन् खाली लिहिलं, की अशी माणसं येत असतील त्या दिवशी ग्रंथांची कपाटं बंद असू द्यावी, वाचनालयं मोठ्या कष्टानं उभी राहतात.

पार्वतीबाई : आन् तुमी लावलं कुलूप?

उत्तमराव : लावलं. त्या कारडाचा राग आला मला, खरंच आला. फाडून टाकलं. आन् दुसऱ्या बाजारी कुलूप लावलं. मनात म्हटलं, मोठा माणूस हाय, काई अनुभव आसंल म्हणून सांगतो. मला स्वतःला ठावं न्हाई मी कसं लावलं ते.

पार्वतीबाई : आवं, बारा वर्सं ती आपल्या दारात मोळी टाकती. मी न्हाणीत असले तर आत येऊन चूल बघती. दूध उतू गेलं तर उतरवून ठेवती. माझ्या गळ्यातलं कोनाड्यात पडलेलं असतं!

उत्तमराव : ठावं हाय.

पार्वतीबाई : काई ठावं न्हाई तुमाला. ते कुलूप द्या हिकडं. मी कोंबड्यांच्या खुराड्याला लावते, मुंगसं तरी येणार न्हाईत.

भिकाबाई : मी त्या कुलपाला हात लावून बघितलं व्हतं एकदा. थंडगार व्हतं. मनात म्हटलं, बरं झालं, अण्णा पुस्तकाला जपतेत. माझ्या चंदाचा घागरा आत हाय, त्यालाबी जपतेत. खुश झाले व्हते मी, अण्णा.

उत्तमराव : माफ कर म्हणायला तोंड न्हाई मला.

भिकाबाई : मला वाटलं, त्यो लिहिणारा दोन तोंडाचा हाय. घाटा वाढणारंबी तोंड त्याचं आन् ठसा घ्या म्हणणारंबी त्याचंच.

उत्तमराव : न्हाई. आता सारंच सांगतो, पोटात ठेवून काय करू. त्याचं एकच तोंड हाय. घाटा पुस्तकात न्हाई.

भिकाबाई : म्हंजे?

उत्तमराव : तांड्यातली म्हातारी, ये याडी म्हणणं, घाटा, दूध, काईच छापलेलं न्हाई. पहिल्या बारीला वाचत वाचत त्या पानावर आलो, आन् समोर तू बसलेली. मला ते वाचवंना. तोंडाला आलं ते बोललो. दूध वततेत हे तूच कधी तरी पार्वतीला सांगितलेलं, ते ध्यानात व्हतं. मंग तुला ते येवढं आवडलं की दर बारीला तसंच बोलत गेलो.

पार्वतीबाई : आगं बाई. मलाबी खरंच वाटायचं ते. मी तर दरवाज्यामागून ऐकायचे.

भिकाबाई : म्हंजे घाटा तुमी वाढला.

उत्तमराव : व्हय.

भिकाबाई : आन् कुलूपबी तुमीच लावलं.

उत्तमराव : व्हय.

भिकाबाई : मंग त्या लिहिणाराला सोडणं सोपं हाय, अण्णा. त्यो कुठं दूर बसतो, त्याचं तोंडबी म्या पाहिलं न्हाई. तुमच्या दारी मला दर बाजाराला यायचं असतं.

उत्तमराव : येशील का पर?

भिकाबाई : ते मलाबी अजून ठावं न्हाई. कपाट उघडा. कापड द्या.

उत्तमराव : हे घे. गाठ तूच सोड. मला ती कधी सुटत न्हाई.

भिकाबाई : हिथली कवडी गेली.

पार्वतीबाई : मला सापडली व्हती झाडताना. कोनाड्यात ठेवलीय, देते.

उत्तमराव : कापड घेऊन जा. तुझंच हाय. पुस्तक उघडंच ऱ्हाईल.

भिकाबाई : ऱ्हाऊ द्या. माझ्या लेकीचं कापड त्याच्या नावावर नको. सगुणेचं काय, सगुणा माझ्या ध्यानात हाय. तिला कापड लागत न्हाई.

पार्वतीबाई : बस गं आता तरी. चहा निवला तुझा.

भिकाबाई : बसते. अण्णा, ते पान काढा.

उत्तमराव : शेवटल्या अध्यायाचं?

भिकाबाई : न्हाई. तांड्याचं. छापलंय तसं वाचा. तुमची भर नको.

उत्तमराव : नको भिकाबाई. वाईट वाटंल तुला.

भिकाबाई : वाईट वाटून चार दिस झाले. तीन येळा ऐकलं आन् चौथी चालू हाय, तरी ते पान मी ऐकलंच न्हाई की. माझ्या कानावर येऊ द्या. त्यातलं काय घ्यायचं, काय टाकायचं, ते मी बघते. तुमी नका बघू माझ्यासाठी.

उत्तमराव : बरं. ऐक मंग. "सगुणा माळावर आली तेव्हा दिवस मावळला होता. दूर तांड्यातल्या चुली पेटलेल्या दिसत होत्या. दोन दिवस तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. परंतु ही चोरांची वस्ती, असे तिने गावात ऐकले होते. पदराची फणी घट्ट धरून ती मागे फिरली, आणि ओढ्याच्या काठी एका कपारीत उपाशीच निजली."

पार्वतीबाई : येवढंच?

उत्तमराव : येवढंच. पुढं सकाळ व्हती.

भिकाबाई : शेवटलं पुना वाचा.

उत्तमराव : "ओढ्याच्या काठी एका कपारीत उपाशीच निजली."

भिकाबाई : थंडीचे दिवस व्हते ना?

उत्तमराव : व्हय. पौषाचा महिना हाय त्या अध्यायात.

भिकाबाई : कोणी तरी उगंच भिववलं तिला. लेकराची आई, दोन दिसाची उपाशी. आन् आमच्या चुली तर पेटल्या व्हत्या तिकडं. घाटा शिजत व्हता.