सदऱ्याबरोबर भिजलेल्या बाटल्या

जबाब देणार : पाणी तपासणी केंद्रात नमुने गोळा करणारी, वय ५४, विधवा, राहणार तळ्याच्या बांधाजवळ.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, मागच्या मंगळवारी सकाळी मी पाणी भरले, केर काढला, सुनेचा डबा भरला आणि पतीचा निळा सदरा साबणाच्या पावडरीत भिजत घातला. तो दोन वर्षे खुंटीवर होता. आत्ताच का धुतला, असे विचारल्यावरून सांगते की, त्याला त्यांचा वास उरला नव्हता. नमुन्यांच्या पाच बाटल्यांना शेवाळाचा वास येत होता. त्याही त्याच बादलीत घातल्या.

हे काम आधी पती करत. मी शाळेत गेलेले नाही, बाटल्यांवरची लेबले लावता लावता वाचायला शिकले. बाटलीला साबण लावायचा नाही, तळ्याच्याच पाण्याने तीनदा खळबळायची, हे त्यांनी शिकवले होते. साबणात फॉस्फेट असू शकते आणि आम्ही तेच मोजतो. त्या सकाळी हे माझ्या ध्यानात राहिले नाही. ते वाढले की शेवाळ माजते, मासे उताणे होतात, पक्षी फिरकत नाहीत.

त्या बाटल्या मी त्याच दिवशी, डेअरीचा नाला तळ्यात पडतो तिथे, नाल्याच्या तोंडाशी भरल्या. शुक्रवारी आकडा मर्यादेच्या नऊपट आला. डेअरीला नाला बंद करण्याची नोटीस गेली. आकडा ऐकून मला बादली आठवली.

केंद्रातल्या केमिस्टताईंना मी ते सांगितले, तर त्या म्हणाल्या, "मावशी, नाला घाण आहे हे शेंबडं पोरही सांगेल. गप्प बसा ना."

मी म्हणाले, "खोट्या आकड्यावर तळं किती दिवस तगेल, ताई?"

शनिवारी मी स्वतः डेअरीच्या मॅनेजरना जाऊन सांगितले. ते हसले. "घरचं धुणं आमच्या माथी मारता होय, बाई?" मग त्यांनी इथे पोलीस चौकीत तक्रार दिली की मी हे मुद्दाम केले. मुद्दाम केले हे खरे नाही. केले हे खरे आहे.

सोमवारी नोटीस मागे घेतली गेली. त्या दिवशी मी घरी बसून होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पाच कोऱ्या बाटल्या घेऊन त्याच जागी गेले. डेअरीच्या वॉचमनला समोर उभे केले. तो म्हणाला, "आज फेस नाही ना, मावशी?" मी त्याला बाटली हुंगायला दिली. गुडघाभर पाण्यात उतरून प्रत्येक बाटली तीनदा खळबळली, भरली, सील केली. लेबलांवर त्याची सही घेतली. आकडा अजून आलेला नाही.

हा मजकूर हवालदारांनी वाचून दाखवला, नंतर मी स्वतः वाचला. सांगितला तसाच आहे.